आईच्या मानेत गाठ, गुरुवारी बायोप्सी आहे, रिपोर्टला इतके दिवस का लागतात? (इंदूर)

रामबागची_मुग्धा
नमस्कार सगळ्यांना. आईला (वय ६१) रंगपंचमीच्या गेरच्या (मिरवणुकीच्या) सुमारास मानेच्या उजव्या बाजूला गाठ हाताला लागली, दुखत नाही पण हळूहळू मोठी होतेय, संध्याकाळी कधीकधी कणकण असते आणि वजनही उतरलंय, ब्लाउज सैल व्हायला लागलेत म्हणून तीच म्हणाली. फॅमिली डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं, काही फरक नाही, मग सुईची तपासणी (एफएनएसी) केली तर त्यात लिहून आलंय की ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा छोटा पुंजका) असावा, नक्की सांगता येत नाही, बायोप्सी करा. आता सर्जन गुरुवारी अख्खी गाठ काढून पाठवणार आहेत.

माझे प्रश्न असे की (१) रक्ताचा रिपोर्ट सकाळी दिला की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो मग याला लॅबवाले आठवडा का म्हणतायत, आणि वर म्हणाले की पुढे आयएचसी (अँटिबॉडी लावून करायची जादा तपासणी) लागलं तर अजून दिवस आणि वेगळे पैसे. (२) सुई घातली तेव्हा काही कळलं नाही मग आता कापून कळणारच याची काय गॅरंटी. (३) आमची आत्या म्हणते की गाठीला हात लावला की पसरते, करूच नका. आईनेही ते ऐकलंय आणि ती आता नाही म्हणायला लागलीये. भाऊ पुण्याला आहे, तो फोनवरून रोज नवीन काहीतरी गूगल करून पाठवतो. प्लीज कोणी नीट सांगेल का.

माळवी_मिरची
अरे ताई काही नाही, सगळा धंदा आहे. आधी सुईचे पैसे, मग तुकड्याचे, मग आयएचसीचे. मशीनमध्ये टाकायचं आणि प्रिंट काढायची याला आठवडा? आमच्याकडे पण असंच फिरवलं होतं भिया लोकांनी.

स्लाइडवाले_काका
मिरची भाऊ, कुठलं मशीन आणि कसली प्रिंट, जरा थांबा. मी इंदुरातच एका सरकारी हिस्टोपॅथ (शरीरातले तुकडे तपासणाऱ्या) लॅबमध्ये टेक्निशियन होतो, रिटायर होईपर्यंत हेच केलं, तेव्हा मुग्धाताईंना सांगतो की आठवडाभर तुमच्या डबीचं काय होतं.

गाठ ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) निघाली की फॉर्मेलिनमध्ये टाकतात, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात. दहा टक्के फॉर्मेलिन, म्हणजे त्यात खरं फॉर्मल्डिहाइड चारेक टक्के. ते मांसात आत जातं ते तासाला साधारण एक मिलिमीटर, त्याच्या मागे कितीही लागा ते घाई करत नाही. तोपर्यंत आतला भाग सडायला नको म्हणून गाठ मोठी असेल तर मधून चीर देतात आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. मी काय काय पाहिलंय सांगू, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत गाठ कोंबून आणलेली, वर चमचाभर फॉर्मेलिन. आत जाताना मऊ होती म्हणून गेली, फॉर्मेलिनने कडक झाली की बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. तेव्हा रुंद तोंडाची डबी, एवढं तुम्ही स्वतः बघा, यात डॉक्टर रागावत नाहीत.

मग ग्रॉसिंग. पॅथॉलॉजिस्ट मॅडम किंवा रेसिडेंट गाठ मोजतात, कापून बघतात, आत पांढरी आहे की दह्यासारखं काही निघतंय ते लिहितात आणि त्यातले तीन-चार मिलिमीटर जाडीचे तुकडे प्लास्टिकच्या जाळीच्या कॅसेटमध्ये ठेवतात. कॅसेटवर नंबर पेन्सिलने, कारण पेनची शाई पुढे अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग कोणाची गाठ कोणाची ते देवालाच माहीत. रात्रभर त्या कॅसेट टिश्यू प्रोसेसरमध्ये. आधी चढत्या टक्क्यांचं अल्कोहोल, त्याने पाणी निघतं, मग झायलीन, त्याने अल्कोहोल निघतं, मग साठच्या आसपास डिग्रीचं वितळलेलं मेण, ते झायलीनची जागा घेतं. पाण्यात मेण शिरत नाही म्हणून हा एवढा उपद्व्याप. सकाळी मेणाचा ब्लॉक बनवायचा, गार करायचा, आणि मायक्रोटोमवर कापायचा.

हे कापणं म्हणजे आमची खरी परीक्षा. तीन-चार मायक्रॉनचा काप, रक्ताची लाल पेशी सातेक मायक्रॉनची असते म्हणजे तिच्यापेक्षा पातळ. पात्याला जरा खाच असली की कापावर रेघ, ब्लॉक गरम झाला की काप चुरगळतो, एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की आमचे हाल, ब्लॉकवर बर्फ ठेवून ठेवून कापायचो. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, सुरकुत्या गेल्या की काचेच्या पट्टीवर उचलायचा, पंखा चालू असेल तर काप उडून शेजारच्या टेबलावर. मग रंगवायचा. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, एकाने पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, दुसऱ्याने बाकीचं गुलाबी. मजा म्हणजे हे हिमॅटॉक्सिलिन मेक्सिको, मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढतात, शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, जगभर कॅन्सरचं निदान आजही त्या लाकडाच्या रंगावर चाललंय.

हे सगळं दीड-दोन दिवसांत होतं, सगळं सरळ गेलं तर. मध्ये रविवार आला, ब्लॉक परत खोल कापायला सांगितला, जादा रंग लावायला सांगितला की दिवस वाढले. हाडाचा तुकडा असेल तर आधी ॲसिडमध्ये कॅल्शियम काढावं लागतं, त्याला अजून वेगळे दिवस. आणि शेवटी माणूस बसून बघतो. रक्ताच्या साखरेसारखा आकडा नाही येत तिथे.

माळवी_मिरची
ठीक आहे काका, एवढं माहीत नव्हतं. पण आयएचसीचे पैसे घेतातच ना वेगळे, ते काय लाकडातून येतं का 😀

स्लाइडवाले_काका
ते अँटिबॉडीमधून येतं आणि ती बाटली फार महाग असते, वर एक्स्पायरी डेट असते. ते डॉक्टर लोक सांगतील, मी फक्त एवढं सांगतो की आयएचसीच्या आधी स्लाइड उकळाव्या लागतात, आणि कित्येक लॅबमध्ये त्यासाठी साधा प्रेशर कुकरच वापरतात. आमच्याकडे होता. त्याची शिट्टी झाली की नवीन पोरं विचारायची काका आज वरणभात का.

बडोद्याची_पॅथॉलॉजिस्ट
काकांनी लॅबची बाजू इतकी छान सांगितली की मला फार काही उरलं नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, माहेर इंदूरचं, आता बडोद्याला. मुग्धा, तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते, आणि गुरुवारच्या आधी करायच्या एक-दोन गोष्टी आहेत त्या जास्त महत्त्वाच्या, त्या आधी वाच.

सर्जनला आजच विचार की गाठीचा थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा पाठवणार का. फॉर्मेलिनमध्ये नाही, साध्या नॉर्मल सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत. तुझ्या आईच्या वर्णनात टीबी हे पहिल्या दोन-तीन शक्यतांपैकी एक आहे, आणि फॉर्मेलिनमध्ये पडलेला जंतू मेला, त्याचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) होत नाही. सलाइनच्या तुकड्यावर कल्चर आणि सीबीनॅट होतं. सीबीनॅट सरकारी टीबी केंद्रातून फुकट होतं, मशीन दोनेक तासांत सांगतं की जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देणार का. हे ओटीमध्ये तेव्हाच करावं लागतं, सगळी गाठ एकदा फॉर्मेलिनमध्ये बुडाली की मग लोक माझ्यासमोर येऊन म्हणतात मॅडम आता कल्चर करा, मी कुठून करू.

दुसरं म्हणजे फॉर्म. डबीसोबत जो कागद जातो तो कोणीतरी घाईत भरतो, नाव, वय, आणि खाली "नेक नोड", म्हणजे मानेतली लिम्फ ग्रंथी. बस. ताप आहे, वजन उतरलंय, कधीपासून आहे, आधी कुठला आजार, घरात कोणाला टीबी होता का, आधीच्या सुईचा रिपोर्ट काय, यातलं काही नाही. मी खोलीत बसलेली असते, पेशंट मला दिसत नाही, माझ्यासमोर फक्त गुलाबी-निळा काप. तोच काप एकोणीस वर्षांच्या मुलाचा असेल तर मी एक विचार करते आणि एकसष्ट वर्षांच्या बाईचा असेल तर दुसरा. रिपोर्ट हे शेवटी एका माणसाचं मत असतं आणि मत द्यायला माहिती लागते. तू सरळ एका कागदावर मराठीत लिही, हिंदीत लिही, आधीच्या रिपोर्टची आणि सोनोग्राफीची झेरॉक्स लाव आणि डबीसोबत दे. खरं सांगते, असे कागद आले की मी आधी तेच वाचते.

आता सुईने का कळलं नाही. सुईने पेशी येतात, सुट्या. वाड्यातली चार माणसं बाहेर बोलावली तर माणसं कशी आहेत ते कळतं, वाडा आतून कसा बांधलाय ते नाही कळत. लिम्फ नोडमध्ये नेमकी ती आतली रचनाच बघावी लागते, खासकरून लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) आहे का हा प्रश्न असेल तेव्हा, म्हणून सर्जन अख्खी गाठ काढतायत हे अगदी बरोबर करतायत. सुईचा रिपोर्ट वाया गेला असं नाही, त्यानेच तर पुढची दिशा दिली. गॅरंटी मात्र कोणीच देणार नाही, बायोप्सीनंतरही कधीकधी "अजून तपासण्या करा" असंच लिहावं लागतं, ते आमचं टाळणं नसतं.

आत्याबाईंना सांग की सुईने किंवा बायोप्सीने कॅन्सर पसरण्याचा धोका फार फार कमी आहे, आणि न तपासता बसण्याचा धोका त्याच्या कितीतरी पट जास्त. काही मोजक्या जागा आहेत, उदाहरणार्थ अंडकोषाची गाठ, जिथे आम्हीच वरून सुई घालू नका म्हणतो. मान त्यात येत नाही.

सुनंदा_सुदामानगर
मुग्धा बाळा, डॉक्टरीणबाई म्हणतायत ते फॉर्मचं आणि डबीचं अगदी खरं आहे गं. माझी स्तनाची गाठ काढली तेव्हा (नाव नाही घेत हॉस्पिटलचं) शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं आणि डबी सोमवारपर्यंत तिथेच पडून होती, फॉर्मेलिनही पुरेसं घातलं नव्हतं म्हणे. मग ईआर, पीआर, हर-टू या आयएचसीच्या तपासण्या लावल्या (कुठलं औषध चालेल ते त्यावरून कळतं) तर लॅबने लिहिलं की टिश्यू फॉर्मेलिनमध्ये नीट फिक्स, म्हणजे पक्का, झालेला नाही, निकालावर भरवसा ठेवता येत नाही. नशिबाने आधीच्या कोअर बायोप्सीचा (जाड सुईने काढलेल्या तुकड्याचा) ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये होता, त्याच्यावर परत केलं. त्यातही हर-टू दोन प्लस आलं, दोन प्लस म्हणजे ना धड हो ना धड नाही, मग फिश नावाची वेगळी टेस्ट. माझं इंजेक्शन त्या एका निकालावर अडून बसलं होतं. आता ठणठणीत आहे, सकाळी पोहे-जलेबी खाऊन वॉकला जाते म्हणजे उलट्या क्रमाने 😄

सांगायचं एवढंच की आयएचसी पैसे काढायला नसतं, गोळी कुठली द्यायची ते त्याच्यावर ठरतं. आणि ब्लॉक मागून घ्या, तो तुमचाच असतो. मला कोणी सांगितलंच नव्हतं असं काही असतं म्हणून.

रामबागची_मुग्धा
काकू, काका, डॉक्टर, खूप खूप थँक्यू. सर्जनना सलाइनचं विचारलं, ते म्हणाले हो मी पाठवणारच होतो (खरंच होते की नाही काय माहीत, असो). मी दोन पानी पत्र लिहिलंय पॅथॉलॉजिस्टना, भाऊ हसला. आई तयार झाली, आत्याला काकूंची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणाली बरं बरं.

एक विचारायचं होतं, ऑपरेशन चालू असतानाच रिपोर्ट मिळतो असंही काही असतं ना? मावशीचं तसं झालं होतं, अर्ध्या तासात सांगितलं होतं डॉक्टरांनी.

बडोद्याची_पॅथॉलॉजिस्ट
ते फ्रोझन सेक्शन. मेणाऐवजी तुकडा उणे वीस डिग्रीच्या आसपास गोठवून कापतात, वीसेक मिनिटांत उत्तर. सर्जनला तिथल्या तिथे काही ठरवायचं असेल, कडा साफ आहे का, अजून कापू का, तेव्हा कामाचं. बर्फामुळे पेशींमध्ये भोकं पडतात, चित्र कच्चं येतं, लिम्फोमाचा प्रकार त्यावर ठरवायला मी तरी बसणार नाही. तुमच्या केसमध्ये घाई करून काही मिळत नाही.

रामबागची_मुग्धा
अपडेट. रिपोर्ट आला. लिहितेय जसं समजलं तसं: नोडची नेहमीची रचना बिघडलेली आहे, जागोजागी ग्रॅन्युलोमा आहेत, पण टीबीत होतं ते केसिएशन (दह्यासारखा मेलेला भाग) दिसत नाही, झेडएन स्टेनमध्ये (टीबीचे जंतू दाखवणाऱ्या रंगात) जंतू नाहीत, आणि मध्ये काही मोठ्या विचित्र पेशी आहेत, आयएचसी करा, हॉजकिन लिम्फोमा आहे का बघा. सलाइनच्या तुकड्याचा सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चर अजून चालू आहे. ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले ग्रॅन्युलोमा आहेत ना, मग टीबीची औषधं सुरू करून टाकू, महिन्याभरात कळेलच. सर्जन म्हणतात थांबा. मला रात्रभर झोप नाही. टीबी आणि कॅन्सर, इतक्या वेगळ्या दोन गोष्टी, एकाच काचेवर दोन्ही कसं वाटू शकतं??

बडोद्याची_पॅथॉलॉजिस्ट
थांबा असं म्हणणारे तुमचे सर्जन शहाणे आहेत. टीबीची औषधं "बघू लागू पडतात का" म्हणून आत्ताच सुरू करू नका, निदान आयएचसी येईपर्यंत नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तुझा प्रश्न मात्र फार जुना आहे. १८३२ मध्ये थॉमस हॉजकिनने या गाठींचं वर्णन केलं तेव्हा त्याने डोळ्यांनीच बघितलं होतं. नंतर १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्गने मायक्रोस्कोपखाली त्या मोठ्या पेशी नीट दाखवल्या, आणि त्याला वाटलं की हा टीबीचाच एक वेगळा प्रकार असणार. १९०२ मध्ये डोरोथी रीड नावाच्या तरुण डॉक्टर बाईने अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये अशाच गाठी तपासल्या आणि ठामपणे म्हटलं की हा टीबी नव्हे, हा स्वतंत्र आजार आहे. म्हणून त्या पेशीला आज रीड-स्टर्नबर्ग सेल म्हणतात, दोघांचं नाव एकत्र, जरी दोघांचं मत एक नव्हतं तरी. तेव्हा जिथे एवढ्या मोठ्या माणसाची गल्लत झाली तिथे तुमच्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टने घाईने टीबी असा शिक्का मारला नाही, आयएचसी मागितलं, हे मला उलट चांगलं लक्षण वाटतं. हॉजकिनच्या नोडमध्ये शरीराची प्रतिक्रिया म्हणून ग्रॅन्युलोमा होऊ शकतात, त्यांच्या गर्दीत त्या दोन-चार मोठ्या पेशी लपतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की ग्रॅन्युलोमा दिसला की हात आपोआप टीबी लिहायला जातो. आणि झेडएन निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच असंही नसतं हं, गाठीत जंतू थोडे असतात, सापडतीलच असं नाही, म्हणून कल्चरची वाट बघायचीच.

आयएचसीमध्ये काय करतील तर त्या मोठ्या पेशींवर सीडी३० आणि सीडी१५ आहेत का, सीडी२० आहे का, आजूबाजूला टी-पेशी सीडी३ च्या आहेत का, असे एकेक मार्कर लावतील, जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो. एकच मार्कर बघून निदान होत नाही, सगळे मिळून चित्र जुळावं लागतं. आणि हॉजकिन निघालाच तर तो उपचारांना चांगला प्रतिसाद देणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, या वयातही त्यावर उपचार होतात, बाकीचं ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील, मी इथे बसून जास्त बोलणं बरोबर नाही.

माळवी_मिरची
ताई आईंची काळजी घ्या. एक आयडिया, तिथल्या मायक्रोस्कोपमधून मोबाईलने फोटो काढून या डॉक्टर मॅडमना पाठवा ना, लगेच सांगतील.

बडोद्याची_पॅथॉलॉजिस्ट
नको 🙏 अख्खी स्लाइड स्कॅन करून पाठवणं वेगळं, ते होतं आता बऱ्याच ठिकाणी. मोबाईलच्या एका फोटोत मला तेवढंच दिसेल जेवढं फोटो काढणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं.

रामबागची_मुग्धा
आम्ही ठरवलंय की मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रिव्ह्यू करायचा (स्लाइड परत तपासून घ्यायच्या), भाऊ पुण्याहून येईल, मी अवंतिका एक्स्प्रेसने जाईन. मग आयएचसी इथे करून न्यायचं की तिथे? आणि लॅबकडून नक्की काय काय मागू? आईला न्यावं लागेल का लगेच?

बडोद्याची_पॅथॉलॉजिस्ट
रिव्ह्यू तिथे करायचाच असेल तर आयएचसी शक्यतो तिथेच होऊ दे. दोन्हीकडे केलं तर पैसेही दोनदा आणि ब्लॉकमधला टिश्यूही खर्च होतो. अख्खी गाठ काढलीये म्हणून तुमच्याकडे भरपूर असेल, सुईसारखी बारीक कोअर असती तर मी जास्त काळजी केली असती. आधी स्लाइड-ब्लॉक तिथे जमा करता येतात का ते फोन करून विचार, बऱ्याचदा नातेवाईक नेऊन देतात.

स्लाइडवाले_काका
टाटाचं नाव निघालं म्हणून, १९४१ मध्ये ते हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथली लॅब डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. आमच्या वेळचे सर क्लासमध्ये त्यांचं नाव घेताना खुर्चीतून उठायचे.

आता कामाचं. लॅबला लेखी अर्ज दे: एचअँडईच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या) सगळ्या स्लाइड, झेडएनची स्लाइड, सगळे पॅराफिन (मेणाचे) ब्लॉक, आणि रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत. एकच ब्लॉक देऊन बोळवण करतील तर रिपोर्टच्या ग्रॉसमध्ये किती कॅसेट लिहिल्यात ते मोज आणि तेवढे माग. हातात आले की तिथेच उभं राहून प्रत्येक स्लाइडचा आणि ब्लॉकचा नंबर रिपोर्टच्या नंबरशी ताडून बघ. स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये, रुमालात गुंडाळून नको, काच आहे. ब्लॉक वेगळ्या छोट्या डबीत. फ्रिजची, बर्फाची काही गरज नाही, पण सध्याच्या उन्हात कारच्या डॅशबोर्डवर किंवा बंद गाडीत ठेवून पोहे खायला उतरू नकोस, मेण आहे ते, मऊ पडलं की कापणाऱ्याचे हाल. ट्रेनमध्येही सामानाच्या बॅगेत नको, पर्समध्ये जवळ ठेव. आणि मुंबईत जमा करताना पावती घे, त्यावर ब्लॉक किती आणि स्लाइड किती ते लिहून घे, परत आणताना लागतं.

रामबागची_मुग्धा
काका, लॅबवाले म्हणतायत ब्लॉक द्यायला सर्जनचं पत्र लागेल. उद्या सकाळी ओपीडीत जाऊन घेते. कल्चरचं काही कळलं की इथे टाकेन.

स्लाइडवाले_काका
पत्राच्या दोन झेरॉक्स काढ, एक ते ठेवून घेतात.